अमावस्येच्या कोऱ्या चौकटी

मामा गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने दिली. भाच्याचं बारसं म्हणून मी दोन दिवसांसाठी माहेरी, मोडनिंबला गेले होते. सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक माणूस दारात उभा राहिला. म्हणाला, "सोलापूरच्या सिद्रामप्पांच्या सूनबाई तुमीच की? निरोप हाय. सिद्रामप्पा गेले. मागनं सोलापूरची गाडी येतीय, तीच धरा." हातातलं लाटणं तसंच राहिलं. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल, तर "कशानं?" कंडक्टर गोंधळला. "ते काय सांगितलं न्हाय बगा," म्हणाला आणि गेला. सासरा गेल्यावर सून आधी रडते. मी आधी चौकशी केली. माहेरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलेलं मला अजून दिसतं.

मामा म्हणजे माझे सासरे. हातमागावर लुगडी विणणारा माणूस, घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मोडनिंबपासून सोलापूरपर्यंत खिडकीशी बसून मी एकच गोष्ट घोकत होते... 'ते नको. बाकी काहीही असू दे, पण ते नको.' मोहोळ कधी मागे पडलं ते कळलं नाही. दारात हे उभे होते. मी चप्पलही काढली नव्हती. "मेंदूतली शीर फुटली म्हणाले डॉक्टर," हे म्हणाले. "पहाटे उठून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होते. रहाट थांबला म्हणून आई बघायला गेली, तर कलंडलेले. तासाभरात सगळं आटपलं." मी विचारलं, "घास अडकत होता का? छातीत जळत होतं?" "छे गं. काल सातच्या आत जेवले, गल्लीत फेऱ्या घातल्या, रात्रभर घोरत होते." तेव्हा कुठे मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. पण खरं सांगायचं, तर त्या रडण्यात निम्मी सुटका होती. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण माझ्या डोक्यावरून एक मोठं ओझं उतरलं होतं. मी त्या माणसाला एकदा एक गोष्ट खरी म्हणून सांगितली होती, आणि ती शेवटपर्यंत खरी ठरली होती.

बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारख्या बसायच्या. गल्लीत सगळ्यांचंच पोट बिघडलेलं, त्यामुळे मामांच्या छातीतल्या जळजळीकडे पहिले काही महिने कुणी बघितलंच नाही. पुढे चांगली ज्वारी आली, लोकांची पोटं सुधारली, मामांची छाती मात्र जळतच राहिली. दुपारचं जेवण होऊन अर्धा-पाऊण तास झाला की आतल्या खोलीतला माग थांबायचा. मग एक लांब ढेकर, आणि कानडीत पुटपुटणं, "एदी उरी... एदी उरी..." म्हणजे छातीत आग. आंबट पाणी घशापर्यंत यायचं. रात्री आडवं झालं की जास्त, म्हणून ते भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. सकाळी आवाज घोगरा. पण दवाखान्याचं नाव काढलं की, "काय हुतंय मला? साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा असायचा. ताटात भाकरी वाढताना, सुनेनं जास्त बोलताना, आणि दुखणं लपवताना.

आता सासऱ्याची छाती जळते म्हटल्यावर दोष कुणाचा? अर्थात नव्या सुनेच्या हाताचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "सून आली आन जळजळ घेऊन आली. मोडनिंबचं तिकाट लई." खरं म्हणजे शेंगांची चटणी त्यांच्या हातची, लसणाचा ठेचा त्यांच्या हातचा; माझ्या वाट्याला फक्त आमटी. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. तिखट अर्ध्यावर आलं, मग बंद झालं. फिक्या आमटीने आमचे हे वैतागले. मामांची जळजळ काही तसूभर कमी झाली नाही. मग आत्याबाईंनी सोमवारचा उपास लावला. उपास म्हणजे सकाळपासून नुसता चहा आणि दुपारी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. सोमवारी तर मामांना जळजळीने घाम फुटायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्यात एक दिवस मला मागाजवळच्या कोनाड्यात, सुताच्या गुंड्यांमागे, कागदाची पुडी सापडली. खायचा सोडा. स्वयंपाकघरातला सोडा का संपतो याचा उलगडा झाला. मामा चिमूटभर सोडा पाण्यात टाकून गटकन प्यायचे, दोन ढेकर काढायचे, तासभर बरं वाटायचं, आणि मग पुन्हा दुप्पट. मी पुडी हातात घेऊन उभी आहे, एवढ्यात ते आले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. म्हणाले, "पोरी, तुज्या आत्याबाईला सांगू नगंस." मी म्हटलं, "मामा, सोडा लपवायचं काय कारण?" त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा गुंड्यांमागे सरकवली. नुसत्या पित्ताला माणूस इतकं का लपवेल, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं... पण मी एकवीस वर्षांची, माझ्या आमटीच्या अब्रूची मला जास्त काळजी.

त्या रागातच मी कॅलेंडरचं काम सुरू केलं. कापडदुकानातून मिळालेलं भिंतीवरचं कॅलेंडर, त्यात प्रत्येक तारखेच्या चौकटीत मी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायची: वांगं, शेपू, झुणका, आंबट चुका. आणि त्या दिवशी मामांची छाती जळली की फुली. आत्याबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटायचं, सून दुधाचा रतीब मांडतेय. माझा हेतू साधा होता. तीन महिन्यांनी कॅलेंडर पुढ्यात टाकायचं आणि सांगायचं, बघा, शेपूलाही फुली, झुणक्यालाही फुली, माझ्या आमटीचा यात काही संबंध नाही. फुल्या रोज पडत होत्या. एखादा दिवस कोरा गेला तरी मला ते विशेष वाटायचं नाही.

दरम्यान मामा वाळायला लागले. फिकं खाऊन, उपास करून, आणि धास्तीने. आमच्या ह्यांनी एके दिवशी जवळपास ओढतच त्यांना चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं, आणि त्यांनी मोठ्या दवाखान्यात फोटो काढायला पाठवलं. मीही गेले होते. खडूच्या पाण्यासारखं पांढरं, घट्ट औषध त्यांना पाजलं, टेबलावर आडवं केलं, टेबल डोक्याकडून खाली कलतं केलं, आणि फोटो काढले. दोन दिवसांनी चौकातल्या डॉक्टरांनी तो काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. "सिद्रामप्पा, गाठ नाही, जखम नाही. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक दार असतं. खाल्लेलं खाली जाऊ द्यायचं, वर येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. तुमचं दार ढिलं झालंय. म्हणून जठरातलं आम्ल वर येतं आणि नळी पोळते. बाकी काही नाही, पित्त आहे." मामा अगदी शहाण्या मुलासारखे मान हलवत होते. "बरं. बरं डॉक्टरसाहेब." मला इतका आनंद झाला की घरी येताना मी देवळात नारळ फोडला. मामांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला. खाल्ला नाही.

त्या आठवड्यात सूत पुरवणाऱ्या शेठकडचा माणूस पुढचा ताणा घेऊन आला. ताणा म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत; एका ताण्यातून आठ-दहा लुगडी निघायची, आणि एक संपायच्या आधीच दुसरा ठरलेला असायचा. मामांनी त्याला परत पाठवलं. "हितनं म्होरं नगं," म्हणाले, "हा संपला की बास." आमच्या घरात तीन पिढ्यांत मागावर ताणा नाही असं कधी झालेलं नव्हतं. आत्याबाई माजघरात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी विचारलं, डॉक्टरांनी तर काही नाही म्हणून सांगितलंय, मग हे काय? तेव्हा त्यांनी मला मल्लाप्पांची गोष्ट सांगितली.

मल्लाप्पा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. दोघांचे माग एकाच खोलीत, समोरासमोर. माझ्या लग्नाच्या चार-पाच वर्षं आधी मल्लाप्पांना घास गिळताना अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं आणि विचारलं, पेशंटला सांगायचं का? आपल्याकडे असं कुणी सांगतं का? मामांनी घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली आणि भावाला सांगितलं, "पित्त हाय मल्लाप्पा. नुसतं पित्त. बरं हुतंय." चार महिने रोज सांगितलं. आत्याबाईंनीही सांगितलं. शेवटच्या दिवशी मल्लाप्पांनी मामांचा हात धरला आणि म्हणाले, "सिद्राम, तू लई चांगलं खोटं बोलतोस रं." त्यानंतर ते बोलले नाहीत.

आता कळलं, मामा सोड्याची पुडी का लपवत होते, आणि डॉक्टरांपुढे इतक्या मुकाट्याने मान का हलवत होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पोळलेल्या माणसाला पुन्हा तेच दूध दाखवलं होतं. जो शब्द त्यांनी स्वतः खोटा म्हणून वापरला, तोच शब्द डॉक्टरांनी त्यांना खरा म्हणून दिला होता. आम्ही जितकं 'पित्तच आहे' म्हणू तितकी त्यांची खात्री पक्की होणार होती. मी तरीही एकदा सांगून पाहिलं. माग चालवता चालवता ते शांतपणे म्हणाले, "पोरी, तू गुणाची हायस. पर डॉक्टरनं सांगितलं ना, ते माजंच वाक्य हुतं." मागावर तेव्हा सहा लुगडी उरली होती.

त्या दुपारी मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं ते निव्वळ चीड आली म्हणून. आता माझ्या आमटीची अब्रू वाचवून काय उपयोग, फाडून चुलीत घालावं असं वाटलं. फाडायच्या आधी शेवटचं पाहिलं, आणि पाहतच राहिले. फुल्यांच्या रानात काही चौकटी कोऱ्या होत्या. एक महिना मागे, एक त्याच्या मागे, एक त्याच्याही मागे. आणि त्या प्रत्येक कोऱ्या चौकटीत छापलेला काळा भरीव ठिपका. अमावस्या. मी त्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचलं: पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. तिन्ही अमावस्यांना तेच. महिन्यातलं सगळ्यात जड, सगळ्यात तेलकट जेवण, आणि त्याच दिवशी फुली नाही! आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "देवाची किरपा. त्या दिशी आपण नारळ फोडतो न्हवं का." मी कॅलेंडर गुंडाळून पदराखाली घेतलं आणि चौकातल्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी चष्मा लावून एकेक चौकट पाहिली आणि विचारलं, "अमावस्येला तुमच्याकडे काय वेगळं असतं?" मी म्हटलं, "माग बंद असतो." आमच्या गल्लीत एरवी रविवार नाही की सोमवार नाही, माग रोज चालायचे, अमावस्येला मात्र आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावायचा नाही. माग पुसायचा, विभूती लावायची, नारळ फोडायचा आणि आराम. "आणि एरवी जेवल्यावर ते काय करतात?" मी म्हटलं, "हात धुतात आणि मागावर बसतात." "कसे बसतात? दाखवा." मी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून दाखवलं. आमचा माग खड्ड्यातला. पाय खड्ड्यात, आणि विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जातं तो लाकडी दांडा बरोबर पोटाशी. प्रत्येक धोट्याला माणूस पुढे वाकतो आणि तो दांडा बेंबीच्या वर रुततो. त्यात मामांची धोतराची गाठ अशी आवळलेली की बोट जाणार नाही. दाखवता दाखवता माझं मलाच कळलं. भरलेली पिशवी, ढिलं तोंड, आणि वरून दिवसभर दाब. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या सासऱ्यांना माझी गोळी लागणार आहेच, पण त्याआधी त्यांना हे कॅलेंडर लागणार आहे. मी येऊन सांगू?" मी म्हटलं, "नको. तुमचं ते ऐकणार नाहीत. तुम्ही खोटं बोलताय असं त्यांना वाटतं." यावर मात्र ते हसले.

घरी आले तेव्हा मागावर ठकठक चालू होती. मी कॅलेंडर त्यांच्या समोर, विणलेल्या कापडावरच पसरलं. धोटा थांबला. मी कुठल्या डॉक्टरांचं नाव घेतलं नाही, पित्त हा शब्द उच्चारला नाही. फक्त विचारलं, "मामा, मल्लाप्पांना अमावस्येला बरं वाटायचं का?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवत गेले. "ह्या दिवशी तुम्हाला जळलं नाही. ह्या दिवशी नाही. ह्या दिवशी तुम्ही सहा भजी खाल्लीत, तरी नाही. मल्लाप्पांचा घास अमावस्येला खाली जायचा का?" ते अगदी हळू म्हणाले, "न्हाय. मल्लाप्पाला अमावस्या न्हवती." आणि थोड्या वेळाने, "गाठ काय पंचांग बघून दुकती व्हय?" त्यांनी पोटाशी आलेल्या त्या दांड्यावर हात ठेवला, आपल्या पोटावर ठेवला, पुन्हा दांड्यावर ठेवला. चाळीस वर्षं ज्याला टेकून पोट भरलं त्याच्याकडे माणूस कसा बघेल, तसे ते बघत होते.

पण विणकर माणूस, एका धाग्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणाले, "आजमावून बघतो." दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवले की मागावर बसायचं नाही, धोतर सैल करायचं, गल्लीत चार फेऱ्या, मग ताठ बसून रहाटावर कांड्या भरायच्या, आणि दोन तासांनी माग. सोडा बंद. असे आठ दिवस. आठपैकी सहा दिवस चौकट कोरी, दोन दिवस अर्धी फुली. नवव्या दिवशी त्यांनी मुद्दाम पोटभर जेवून, धोतर करकचून आवळून, लगेच मागावर बसायचं ठरवलं. आत्याबाई ओरडल्या, मी हातापाया पडले, पण ऐकतील तर ते सिद्रामप्पा कसले! मी आणि आत्याबाई माजघरात कान देऊन बसलो. ठकठक, ठकठक. अर्धा तास गेला. ठकठक थांबली. आणि मामा छातीवर हात दाबून, डोळ्यांत पाणी, असे दारात आले आणि ओरडले, "जळतंय! जळतंय गं पोरी! लई जळतंय!" जळजळीने इतका आनंदलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. आत्याबाईंना काय चाललंय ते कळेना. मी रडत होते आणि हसत होते. त्या संध्याकाळी त्यांनी ह्यांना शेठकडे पाठवलं, ताणा आणायला. मागावर तेव्हा एक लुगडं उरलं होतं, तेही अर्धं.

मग मामांनी आपल्या दुखण्याचा अभ्यासच मांडला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पांढरं पातळ औषध दिलं, आणि खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवायला सांगितल्या. फोटोच्या वेळी टेबल डोक्याकडून खाली केल्यावर पांढरं पाणी वर चढलेलं डॉक्टरांनी दाखवलं होतं, ते मामांनी ध्यानात ठेवलं होतं, म्हणाले, "मग डोकं वर केलं तर पाणी खाली राहणारच की." मी दोन उशा आणल्या तर डॉक्टरांनीच नको सांगितलं होतं, उशांनी मान वर होते आणि पोट दुमडतं. अख्खी खाटच उतरती हवी. कित्येक महिने बसून झोपलेला माणूस त्या उतारावर डाव्या कुशीला आडवा झाला आणि सकाळी सहापर्यंत उठला नाही. आत्याबाई खाली जमिनीवर निजायच्या, त्यांची रोजची कुरकुर, "खाट हाय का घसरगुंडी? सकाळपातुर माणूस पायथ्याला गोळा हुतोय."

रात्रीचं जेवण दिवेलागणीला. पोट थोडं रिकामं ठेवून 'साकु' म्हणायचं, आणि आता ते दुखणं लपवण्यासाठी नव्हतं. सोमवारचा उपास आत्याबाईंनी स्वतःवर घेतला. कॅलेंडर चालूच राहिलं, आता ते स्वतः फुल्या मारायचे, आणि त्यातून हळूहळू कळत गेलं की गुन्हेगार होता सकाळचा उपाशीपोटीचा चहा आणि रात्रीचा कच्चा कांदा. भजी जास्त झाली तर तीही. शेंगांची चटणी चमचाभर घेतली तर निर्दोष सुटली, आणि माझी आमटीही. चटणी निर्दोष ठरली त्या दिवशी आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. असं नाही की सगळं बरं झालं. वर्षातून दोन-चारदा, लग्नकार्यात जागरण झालं, उशिरा पंगत बसली की, छाती पेटायचीच. पण मग ते घाबरायचे नाहीत. कालचा दिवस आठवायचे, कारण सापडलं की म्हणायचे, "माजीच चूक." दुखण्याला कारण असतं एवढं कळलं तरी माणूस निम्मा बरा होतो हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

गल्लीत ते पित्ताचे वैद्यच झाले. कुणी ढेकर देत आला की आधी त्याची धोतराची गाठ तपासायची. सोड्याच्या पुड्या त्यांनी कितीतरी कोनाड्यांतून काढून फेकल्या असतील. "पी हळद आन हो गोरी असं नसतंय," म्हणायचे. पण एका बाबतीत फार कडक. "घास अडकत आसंल, आपोआप वाळत आसशील, परसाकडला काळं हुत आसंल, छातीतली कळ हातात जात आसंल, तर माज्याकडं येऊ नगंस. आदी फोटो काड, डॉक्टरकडं जा. आन डॉक्टर काय म्हन्तोय ते तुज्या तोंडावर सांगायला लाव." हे शेवटचं वाक्य ते मल्लाप्पांच्या रिकाम्या मागाकडे बघत बोलायचे. मला त्यांनी एकदाच बजावलं होतं. "पोरी, माजं काईबी निघालं तरी मला सांगायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. सहा वर्षं तो शब्द माझ्या मानेवर होता, आणि म्हणूनच त्या दिवशी मोडनिंबच्या दारात मी रडायच्या आधी 'कशानं' म्हणून विचारलं.

मामा गेल्याला आता तीन आठवडे होत आले. पाहुणे आले, मामांच्या नावाने गणाराधनेचं जेवण झालं, पंगती उठल्या. जास्तीच्या चुलीला विटा कमी पडल्या म्हणून कुणीतरी मामांच्या खाटेखालच्या चारही विटा नेल्या. पाहुणे गेल्यावर मी खोली झाडायला गेले, तर खाट सपाट. किती बुटकी आणि परकी दिसत होती. परवा दुपारी आत्याबाई त्या खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सुमन, दार लोट. आता तरी खरं सांग. माणूस तर गेला." मला कळेना. "काय खरं, आत्याबाई?"

"मल्लाप्पाचंच हुतं न्हवं? तू, डॉक्टर, माजा लेक, तुमी समद्यांनी मिळून लपवलं की न्हाय? सा वर्सं मी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तू पित्तच म्हनली असतीस. मी बी म्हनतच हुते की मल्लाप्पाला."

सहा वर्षं. त्या उतरत्या खाटेशेजारी, जमिनीवर, ती बाई रोज रात्री घसरगुंडीची कुरकुर करत होती आणि मनातून समजत होती की नवरा मरणार आहे आणि घर तिला फसवतंय. मामांना मी कॅलेंडर दाखवलं होतं, यांना दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटलं, वाचता येत नाही, यांना काय दाखवायचं. मी उठले. ट्रंकेच्या तळातून ते पिवळं पडलेलं कॅलेंडर काढलं आणि त्यांच्या मांडीवर पसरलं. अक्षर येत नसलं तरी अमावस्येचा काळा ठिपका कुठल्या बाईला कळत नाही? त्यांनी फुल्यांवरून हात फिरवला, मग एका काळ्या ठिपक्यावर बोट टेकलं. "हितं न्हाय," म्हणाल्या. पान उलटलं. "हितं बी न्हाय." तिसऱ्या ठिपक्यावर बोट बराच वेळ राहिलं. मल्लाप्पांची पेज त्यांनीच भरवलेली होती, अमावस्येलाही, पौर्णिमेलाही. त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"साकु," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मग खाटेवर थाप मारली. "त्या विटा कुटं नेल्या मेल्यांनी? धुऊन आण जा."

चारही विटा चुलीच्या काजळीने काळ्या झाल्या होत्या. मी त्या घासल्या, पण काळेपणा काही पूर्ण गेला नाही. एका बाजूने मी खाट उचलली, दुसऱ्या बाजूने आत्याबाईंनी पायाने विटा सरकवल्या. उशाकडची बाजू वर आली, खाट पुन्हा मामांची झाली. आत्याबाई तिच्यावर चढून बसल्या, जरा घसरल्या, सावरल्या, आणि डाव्या कुशीला वळल्या. मी दार ओढून घेतलं. पाच मिनिटांत आतून घोरणं ऐकू यायला लागलं.